बर्फावर जगवलेल्या अळ्या

सकाळी जाग आली ती उकाड्याने. एसी बंद होता, छतावरचा पंखा बंद होता, आणि खिडकीबाहेर शेजारच्या पार्किंगमध्ये मेपलचं एक अख्खं झाड कुणाच्या तरी गाडीवर आडवं पडलेलं दिसलं. रात्री वादळ येऊन गेलं होतं आणि मला त्याचा पत्ताही लागला नव्हता. फोनवर विद्यापीठाचा मेसेज होता. शहराच्या बऱ्याच भागात वीज नाही, आमच्या विभागाची इमारत जनरेटरवर चालू आहे, गरज नसेल तर येऊ नका.

मी तोंडावर पाणी मारलं आणि तशीच निघाले.

तेव्हा मी ओहायोतल्या कोलंबसमध्ये पीएचडी करत होते, आणि माझं काम होतं फुलपाखरांवर. हे सांगितलं की समोरच्याचा चेहरा खुलायचा, त्याला निळे-केशरी पंख दिसायला लागायचे. मग मला सांगावं लागायचं की माझी फुलपाखरं तपकिरी आहेत. अगदी साधी तपकिरी, कोऱ्या चहाच्या रंगाची. ती राहतात अँडीजच्या उंच डोंगरांत, जिथले माथे वर्षातले बहुतेक दिवस ढगांत बुडालेले असतात. झाडांच्या फांद्यांवरून शेवाळ दाढीसारखं लोंबत असतं, पानांच्या टोकांवरून सतत पाणी ठिबकत असतं, आणि बांबूच्या जाळ्यांत ही फुलपाखरं जमिनीलगत उडत असतात. फुलांकडे ती ढुंकूनही बघत नाहीत. त्यांना आवडतं शेण, सडलेली फळं, मेलेला मासा. पंख मिटून बसली की खालची बाजू दिसते, ती वाळक्या पानासारखी, मधून एक पांढुरकी रेघ गेलेली.

असल्या तपकिरी जाती तिथे ढिगाने आहेत आणि एकीला झाकावं अन् दुसरीला काढावं इतक्या सारख्या. पण आमची जात माझ्या गाईडबाईंना इक्वाडोरमधल्या एकाच डोंगररांगेवर मिळाली होती. तिला अजून शास्त्रीय नाव नव्हतं. तिची अळी कशी दिसते, कोष कुठे करते, हे तोवर कुणी पाहिलेलं नव्हतं. बाईंनी दोन्ही देशांच्या सरकारांकडून परवानग्या काढून तिची अंडी आणली होती आणि ती वाढवायचं काम माझ्याकडे दिलं होतं.

त्यासाठी इमारतीच्या तळघरात एक खोली होती. तिला खिडकी नव्हती. एकामागे एक दोन दारं, मध्ये जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढी जागा. एक पंखा चोवीस तास हवा आत खेचत राहायचा, म्हणजे चुकून दार उघडं राहिलं तरी आतला जीव वाऱ्याबरोबर बाहेर जाऊ नये. परदेशातला किडा इथल्या शेतात सुटला तर काय होईल हे कुणी सांगू शकत नाही, म्हणून नियम कडक होते. आणि ती खोली थंड होती. बाहेर ओहायोचा जून तापलेला असायचा आणि मी आत स्वेटर घालून, यंत्राने सोडलेल्या धुक्यात बांबूच्या कुंड्यांना पाणी घालत असायचे. मी अकोल्याची. मे महिन्यात भर दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही अशा गावची. माझ्या आईला व्हिडिओ कॉलवर तो स्वेटर बघून नेहमी हसू यायचं.

त्या सकाळी खोलीचं बाहेरचं दार उघडलं तेव्हा दिवे चालू होते, हवा खेचणारा पंखाही चालू होता. जीव भांड्यात पडला. मग आतलं दार उघडलं आणि गरम, दमट वाफारा अंगावर आला. थंडावा देणारं यंत्र मुकं होतं. जनरेटरवर फक्त दिवे, पंखे आणि वरच्या मजल्यावरचे फ्रीझर जोडलेले होते. आमची थंडी त्या यादीत नव्हती. जिथे पंधरा-सोळा अंश असायचे तिथे काटा पंचविसाच्या पुढे गेला होता.

फुलपाखरं भिंतीच्या खालच्या ओलसर भागाला चिकटून बसली होती, पंख अर्धवट उघडे. अळ्यांकडे बघून मला जास्त भीती वाटली. त्या फार संथ. दिवसा बांबूच्या देठाला लागून अशा पडून राहतात की शेपटीची दोन टोकं दिसली नाहीत तर काडीच समजावी. आता त्या चालत होत्या. डब्यांच्या जाळीवर, झाकणांवर, एकमेकींच्या अंगावरून, थंड जागा शोधत.

मी बाईंना फोन लावला. लागणार नाही हे माहीत होतं. त्या त्याच डोंगरावर होत्या आणि खालच्या गावात उतरल्याशिवाय त्यांच्या फोनला रेंज नसायची. निरोप ठेवला. मग खोलीतले होते नव्हते तेवढे टॉवेल भिजवून कुंड्यांभोवती टांगले आणि टेबलफॅन सुरू केला. आमच्याकडे उन्हाळ्यात वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारतात, तेच डोक्यात होतं. बराच वेळ त्यात घालवला आणि काटा हलला नाही. अकोल्याची हवा कोरडी असते, ती पाणी पिते. इथल्या हवेत आधीच धुकं कोंबलेलं होतं, ती आणखी काय पिणार! हे मला भिजवायच्या आधी सुचायला हवं होतं, पण घाबरलेल्या माणसाला आईचंच घर आठवतं.

बर्फच हवा होता. आसपासची दुकानं एकतर बंद होती, नाहीतर तिथला बर्फ सकाळीच संपला होता. मग मी काकूंना फोन केला.

काकू म्हणजे माझ्या आईच्या मैत्रिणीची नणंद. नातं सांगायला लांबचं, पण मी आल्यापासून दर रविवारी त्यांच्याकडे जेवायला जायचे. कोलंबसलगतच्या डब्लिन नावाच्या उपनगरात मोठ्या घरात एकट्या राहायच्या. काका दोन वर्षांपूर्वी गेले, मुलगा सिएटलकडे बॉथेलला.

“काकू, तुमच्याकडे लाइट आहे का?”

“आहे गं. तुझ्याकडे नाही? मग इकडे ये ना.”

“मला बर्फ हवाय. खूप. आणि आइसबॉक्स.”

“कुणाला लागलं का?”

“नाही. अळ्यांसाठी.”

पलीकडे गाडीच्या किल्ल्या वाजल्या. मग त्या म्हणाल्या, “पत्ता पाठव. गाडी कुठे लावायची तेही सांग.”

त्या आल्या तेव्हा मिनीव्हॅनची मागची सीट पाडलेली होती आणि आत बर्फाच्या पिशव्या आणि तीन अवाढव्य आइसबॉक्स होते. इथल्या मराठी मंडळाच्या पिकनिकला काका ताक आणि श्रीखंड ज्यातून आणायचे, ते. गॅरेजमधलं काकांचं सामान त्या कुणाला हलवू देत नसत, हे मला माहीत होतं.

“काकू, एक सांगायचंय,” मी म्हटलं. “आत गेलेली वस्तू सहजासहजी बाहेर येत नाही. नियम आहे. हे कदाचित परत मिळणार नाहीत.”

त्यांनी एका आइसबॉक्सच्या झाकणावर हात ठेवला. झाकणावर काकांच्या अक्षरात मंडळाचं नाव होतं. “तू आधी ने ते,” त्या म्हणाल्या. “वितळतंय सगळं.”

बाहेरच्या माणसाला खोलीत यायची परवानगी नव्हती. काकू बाहेरच्या दाराशी पिशवी द्यायच्या, मी मधल्या जागेत घ्यायचे, ते दार लावायचे, मग आतलं उघडायचे. तळाशी बर्फ, त्यावर टॉवेलची घडी, त्यावर अळ्यांचे डबे आणि कोषांच्या बरण्या. झाकण किंचित उघडं. फार गार झालं तर त्या आखडतील, कमी गार झालं तर मरतील. प्रत्येक आइसबॉक्समध्ये एक थर्मामीटर ठेवला आणि मी एकाकडून दुसऱ्याकडे जात राहिले.

“ड्राय आइस आणू का?” काकूंनी दाराच्या फटीतून विचारलं. “आमच्या इथे मिळतो, जास्त वेळ टिकतो.”

“नको, नको! त्याचा वायू होतो. बंद खोलीत त्या गुदमरतील, मीही गुदमरेन.”

दोन्ही दारांना एकेक छोटी काच होती. काकू बाहेरच्या काचेला नाक लावून आत बघत होत्या. “ते भिंतीवरचं? तेच का तुझं फुलपाखरू?”

“हो.”

“अगं, हे तर मातकट आहे!” त्या खरोखरच दुखावल्या होत्या. थोड्या वेळाने मात्र त्यांनी कॉरिडॉरमध्ये खुर्ची ओढून आणली आणि काचेसमोर मांडली. “हललं गं ते,” असं मधूनमधून मला सांगत राहिल्या.

दुपारी जैवसुरक्षा विभागाचा अधिकारी आला. उंच, वयस्कर, खांद्याला वॉकीटॉकी. पहाटेपासून तो सगळ्या कॅम्पसमध्ये फिरत असावा, शर्ट पाठीला चिकटला होता. त्याने आइसबॉक्स पाहिले, दारं तपासली, आणि मला बाहेर बोलावलं.

“जनरेटरचं डिझेल उद्या सकाळपर्यंत पुरेल,” तो म्हणाला. “टँकर निघालाय, पण रस्त्यांवर झाडं पडली आहेत. तो वेळेत आला नाही तर हा पंखा बंद पडेल. पंखा बंद पडला की ही खोली सुरक्षित राहत नाही.”

“मग?”

“मग आत जिवंत काही ठेवता येणार नाही. तुमच्या परवान्यात तसंच लिहिलंय.”

मला ते तोंडपाठ होतं. तरी मी म्हटलं, अळ्या चालून कुठे जाणार? डबे सीलबंद आहेत, मी त्यांच्यावर आणखी एक पेटी लावते, टेप लावते, कुलूप लावते. अंडी तर जागची हलत नाहीत. कोष बरण्यांत आहेत, बरण्यांना दुहेरी झाकण लावते. माझं इंग्रजी घाईत अडखळत होतं आणि मला त्याचाच राग येत होता.

तो ऐकत राहिला. मग वॉकीटॉकीवर कुणाशी तरी बराच वेळ बोलला. परत येऊन म्हणाला, “अळ्या, अंडी, कोष, दुहेरी पेटीत आणि कुलपात. ठीक आहे. पण जे उडतं ते नाही. त्यात मला काहीच करता येणार नाही.”

तो वाईट माणूस नव्हता. त्याच्या हाताखालच्या दुसऱ्या कुठल्याशा खोलीत प्रयोगाचे डास होते, त्यांचाही हाच निकाल लावायचा होता, हे त्याने जाता जाता सांगितलं.

काकू आणखी बर्फ आणायला गेल्या आणि परत आल्या. रात्र मी तिथेच काढली. सकाळी पहिला डबा उघडला तेव्हा खालच्या कोपऱ्यात अळ्या मऊ, काळ्या पडलेल्या होत्या. दुसऱ्यात जिवंत होत्या. तिसऱ्यात काही तशा, काही अशा. मेलेल्या वेगळ्या काढताना त्या चिमट्यातून निसटत होत्या.

अधिकारी आला. त्याने काही बोलायच्या आधीच मला कळलं की टँकर आलेला नाही.

त्याच वेळी फोन वाजला. बाई होत्या. खरखरत, तुटत, मध्येच नाहीसा होणारा आवाज. मी दोन वाक्यांत सगळं सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं.

“प्रौढ सगळी?” त्या म्हणाल्या.

“हो. मादीसुद्धा.”

त्यांच्या मागे कोंबडा आरवत होता.

“तूच कर,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नकोस. आणि संग्रहासाठी प्रत्येकाला नीट पिन लाव.” मग रेंज गेली.

फुलपाखरू मारायची पद्धत सोपी आहे. मिटलेल्या पंखांखाली, जिथे पाय निघतात तिथे, अंगठा आणि तर्जनीने चिमटा घ्यायचा आणि क्षणभर दाबून धरायचं. मी ते शेकडो वेळा केलं होतं. पण ती जंगलात, कॉलेजच्या आवारात जाळीत पकडलेली फुलपाखरं होती. यांना मी अंड्यातून निघताना पाहिलं होतं. सडक्या केळ्यात माशाचं पाणी कालवून मी त्यांना रोज भरवत होते.

मी एकेक उचलू लागले. ती उकाड्याने इतकी गळून गेली होती की पळालीही नाहीत. बोटांवर तपकिरी खवले राहत होते.

मादी शेवटची राहिली. एकच मादी शिल्लक होती. ती कुंडीतल्या बांबूच्या पानाखाली लटकली होती. मी हात पुढे केला आणि थांबले. तिने पोट वाकवून पानाला टेकवलं होतं. बारीक, पांढुरकं एक अंडं तिथे होतं. मग ती थोडी सरकली आणि पुन्हा वाकली.

मी आतूनच काचेकडे बघितलं. अधिकारी मधल्या जागेत उभा होता, त्याच्यामागे बाहेरच्या दाराच्या काचेत काकूंचा चेहरा. मी पानाकडे बोट दाखवलं आणि ओठांनी म्हटलं, “अंडी.” त्याने वर पंख्याकडे पाहिलं. पंखा फिरत होता. त्याने एक हात वर केला, तळवा माझ्याकडे, म्हणजे थांब.

आम्ही तिघं तसेच उभे राहिलो. ती सरकायची, वाकायची. मध्येच बराच वेळ नुसती लटकून राहायची आणि मला वाटायचं, संपलं. पुन्हा वाकायची. माझ्या स्वेटरशिवायच्या अंगातून घाम पायांपर्यंत उतरत होता आणि सगळं लक्ष पंख्याच्या घरघरीकडे होतं. एकदा ती घरघर खाली आली, दिवे मंदावले, आणि पुन्हा वाढले. अधिकाऱ्याने काचेवर टकटक केलं. आता त्याने मान डोलावली, म्हणजे वेळ संपली.

मी पानाखालून बोटं नेली.

ते पान मी देठासकट कापलं आणि बरणीत ठेवलं. दुहेरी झाकण, पेटी, टेप, कुलूप. अधिकाऱ्याने आत येऊन प्रत्येक कुलूप ओढून पाहिलं आणि मला म्हणाला, “आय अॅम सॉरी.” थोड्या वेळाने पंखा थांबला. इतक्या महिन्यांत मी ती खोली पहिल्यांदा पूर्ण शांत ऐकली.

संध्याकाळी वीज आली.

काकूंनी मला त्यांच्या घरी नेलं. मी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले आणि म्हटलं, “काकू, काही तास. फक्त काही तास थांबलो असतो तर.”

“ते तुला माहीत होतं का?” काकू म्हणाल्या.

“नाही.”

“त्याला माहीत होतं?”

“नाही.”

त्यांनी माझ्यापुढे मऊ भात आणि मेतकूट ठेवलं, आणि वर तूप घातलं. मी अर्धा भात खाल्ला आणि टेबलावरच डोकं ठेवून रडले. त्यांनी ताट बाजूला घेतलं, एवढंच.

निम्म्याहून जास्त अळ्या तेव्हाच गेल्या, उरलेल्या पुढच्या काही आठवड्यांत. कोषांतले सगळे आतल्या आत काळे पडले. बाई परत आल्यावर सरळ तळघरात गेल्या. पिन लावलेल्या फुलपाखरांची पेटी त्यांनी दिव्याखाली धरली, एकेकावर बराच वेळ नजर फिरवली, आणि म्हणाल्या, “पंख नीट पसरलेस.” त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं ते सर्वांत जड वाक्य होतं. त्यांनी मला दोष दिला नाही. मला वाटत होतं द्यावा. पुढच्याच आठवड्यात त्यांनी विभागाला इतक्या वेळा फोन केले की थंडावा देणारं यंत्र शेवटी जनरेटरवर जोडलं गेलं.

पानावरची अंडी मात्र फुटली. सगळी नाही. त्या अळ्या बाहेर आल्या तेव्हा जेमतेम दोऱ्याएवढ्या होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी स्वतःच्या अंड्याची टरफलं खाल्ली आणि मग पानाच्या कडेला रांगेने बसल्या. या जातीला घाई नाही. ओहायोतली पानं पिवळी झाली, गळली, पार्किंगमध्ये बर्फ साचला, आणि त्या अजून खातच होत्या. मी ऑगस्टमध्ये घरी जायचं तिकीट काढलं होतं ते कॅन्सल केलं. आई रागावली. वारा सुटला की मी अंथरुणात उठून बसायचे आणि हवामानाचं अॅप उघडायचे.

थंडी पुरती मुरल्यावर पहिल्या अळीने बांबूच्या देठाला स्वतःला उलटं टांगून घेतलं आणि कोष केला. बाईंनी त्याचे इतके फोटो काढले की कॅमेऱ्याची बॅटरी संपली. अळीचा कोष होतानाचा फोटो तोवर कुणाकडेच नव्हता.

तो कोष फुटला त्या सकाळी आम्ही दोघीही स्वेटर घालून आत उभ्या होतो. आधी डोकं आलं, मग ओले, चुरगळलेले पंख. ते हळूहळू लांबले, ताठ झाले, आणि कोऱ्या चहाचा तो रंग दिव्याखाली चमकला. बाई भिंग घेऊन वाकल्या.

“नर,” त्या म्हणाल्या.

नुसत्या नराने पुढे काहीच होणार नव्हतं. कुंडीत आणखी मोजकेच कोष उरले होते. नर फार दिवस जगत नाही, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. पुढचा कोष फुटला, तोही नर. त्याच्या पुढचा फुटलाच नाही.

मग एका दुपारी मी केळं कुसकरत होते आणि मागून बाईंनी माझा दंड इतक्या जोरात धरला की वळ उठले. त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. मी वाकून पाहिलं, खात्रीसाठी पुन्हा पाहिलं. पोट जाड होतं, भरलेलं. नवी मादी पानाच्या टोकाशी पंख सुकवत बसली होती, आणि दोन्ही नर समोरच्या भिंतीवरून उठून तिच्याकडे निघाले होते.